एका करवतीची बखर

खानापूर, हल्याळ, दांडेली या पट्ट्यातील पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींना करवत्यांची जोडी आठवत असेल. सागाचा ओंडका लाकडी घोडीवर चढवलेला, त्याच्या अंगावर रंगात बुडवलेल्या दोरीने मारलेल्या सरळ रेघा, एक गडी ओंडक्यावर उभा आणि दुसरा खाली. दोघांच्या हातात एकाच लांब करवतीची दोन टोके. वरच्याने रेघ सांभाळायची, खालच्याने जोर लावायचा. पाते खाली येताना कापते, वर जाताना नुसतेच जाते. म्हणजे निम्मी येरझार फुकट. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाऊ नये म्हणून त्याने डोक्याला फडके गुंडाळलेले असे. संध्याकाळी तो ते सोडी तेव्हा त्याच्या पापण्याही पिवळ्या झालेल्या असत.

या जोडीचा धंदा ज्या यंत्राने संपवला त्या यंत्राची ही हकीकत आहे. एक बिडाचे मेज, मेजाच्या मध्यावर एक फट, त्या फटीतून वर डोकावणारे गोल दातेरी पाते आणि फळी सरळ पुढे जावी म्हणून पात्याला समांतर बसवलेली एक पट्टी. आमच्याकडच्या वखारीत आणि सुतारांच्या दुकानांत तिला ‘सर्क्युलर’ म्हणतात, नाहीतर नुसतेच ‘मशीन’. गेल्या काही वर्षांत अमेरिकेत आणि इंग्लंडात एक छंद चांगलाच मूळ धरून आहे. बंद पडलेल्या कारखान्यांतून, शाळांच्या कार्यशाळांतून, कुणा वारलेल्या आजोबांच्या गराजमधून सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची असली यंत्रे विकत घ्यायची, सुटी करायची, गंज काढायचा, बेअरिंगे बदलायची आणि घरच्या कार्यशाळेत ती पुन्हा चालती करायची. पैसे वाचतात म्हणून काही जण हे करतात. बहुतेक जण मात्र जुन्या बिडाच्या प्रेमापोटी करतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली ज्या गावात सायकलचे दुकान काढले आणि पुढे जिथे लोखंडी नांगर घडवले, त्या बेळगावच्या माणसाला बिडाचे प्रेम काय असते हे समजावून सांगण्याची गरज नाही.

बखर हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. बखरीत घडलेले असते आणि घडावेसे वाटलेलेही असते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींना अस्सल कागदांच्या कसोटीवर घासून पाहिले आणि त्यातील कितीतरी सोने पितळ ठरले. या करवतीच्या कुळकथेतही तसाच प्रकार आहे.

प्रसिद्ध कथा अशी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतात हार्वर्ड नावाचे एक गाव आहे. (त्याच नावाचे विद्यापीठ या गावात नाही, ही गल्लत अनेकांची होते.) तिथे शेकर या साध्या राहणीच्या धर्मपंथाची वसाहत होती. त्या वसाहतीतील टॅबिथा बॅबिट नावाच्या बाईने दोन माणसांना लाकूड कापताना पाहिले. करवत परतताना होणारे कष्ट वाया जातात हे तिच्या ध्यानी आले. तिने पत्र्याच्या चकतीला दाते पाडले, ती आपल्या चरख्याला जोडली आणि गोल करवतीचा शोध लागला. साल कुणी १८१० सांगतात, कुणी १८१३. शेकर लोक पेटंट घेत नसत, त्यामुळे कागद नाही. कथा गोड आहे. चरख्यावरच्या बाईला शोधाचे श्रेय मिळते म्हणून आपल्यालाही ती आवडते. पण साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरला इंग्लंडात मिळालेले पेटंट आहे १७७७ चे, आणि टॅबिथाबाईंचा जन्म १७७९ चा. शिवाय मिलरचे पेटंट आहे पवनचक्कीने चालणाऱ्या एका यंत्राचे. त्यात गोल करवतीचा उल्लेख जाता जाता येतो, जणू वाचणाऱ्याला ती वस्तू ठाऊकच आहे. त्याच साउदॅम्प्टन परिसरात वॉल्टर टेलर जहाजांच्या कप्प्या बनवताना गोल करवती वापरत होता. तेव्हा शोधाचा मान कुणा एकाला देता येत नाही. बाईंनी आपल्या वसाहतीपुरती स्वतंत्रपणे युक्ती काढली असेल तर त्यांचे कौतुक कमी होत नाही, इतकेच म्हणावे.

इंग्लंडातही करवत्यांच्या जोड्या होत्या. तिथे ओंडक्याखाली खड्डा खणत आणि खालचा गडी त्या खड्ड्यात उभा राही. हा वर्ग संघटित आणि तापट होता. चार्ल्स डिंग्ले नावाच्या व्यापाऱ्याने लंडनच्या लाइमहाऊस भागात वाऱ्यावर चालणारी लाकूड-कापाईची गिरणी काढली, तेव्हा मे १७६८ मध्ये करवत्यांच्या जमावाने ती मोडून टाकली. त्या गिरणीत उभ्या करवती होत्या, गोल नव्हत्या. पण आपल्या पोटावर पाय येणार हे करवत्यांनी बरोबर ओळखले होते. पाठ्यपुस्तकांत यंत्रे फोडणाऱ्यांचा धडा येतो तो १८११ नंतरच्या विणकरांचा. करवत्यांनी तो चाळीस वर्षे आधी गिरवला होता, आणि आमच्या पाठ्यपुस्तकांत त्याला ओळभरही जागा नाही.

आता या हकीकतीतील सर्वात चमत्कारिक माणूस. सॅम्युएल बेंथॅम. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याचा थोरला भाऊ जेरेमी ठाऊक असतो. ज्याच्या उपयुक्ततावादाची छाया बेंटिंकच्या कारभारावर पडली तोच हा जेरेमी. एका पहारेकऱ्याला सगळे कैदी दिसावेत, पण कैद्यांना पहारेकरी दिसू नये, अशा वर्तुळाकार तुरुंगाची कल्पना जेरेमीच्या नावावर आहे. तिचे मूळ सॅम्युएलचे; रशियात नोकरीस असताना मजुरांवर देखरेख करण्यासाठी त्याने ती काढली होती. तुरुंग झाला तर कैद्यांना काम काय द्यायचे? त्यांच्या हातात कसब नाही, आणि सुतारकी शिकायला वर्षे लागतात. तेव्हा कसब यंत्रात घालायचे आणि कैद्याने नुसते लाकूड पुढे ढकलायचे! या हेतूने सॅम्युएलने १७९१ आणि १७९३ साली लाकूडकामाच्या यंत्रांची पेटंटे घेतली. दुसऱ्या पेटंटात रंधणे, भोके पाडणे, खाचा घेणे आणि गोल करवतीने कापणे, सगळे आले. वेस्टमिन्स्टरमध्ये जेरेमीच्या राहत्या घरी ही यंत्रे उभी करण्यात आली. तुरुंग काही झाला नाही. पण अडाणी हाताने चालवता येईल असे यंत्र झाले, आणि ही गोष्ट पुढे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या यंत्राशेजारी आज डॉक्टर, इंजिनिअर आणि निवृत्त अधिकारी रविवारची सकाळ आनंदाने घालवतात, त्याची कल्पना मुळात कैद्यांसाठी झाली होती.

सॅम्युएल १७९६ साली आरमाराच्या बांधकामांचा मुख्य निरीक्षक झाला आणि त्याची यंत्रे गोदीत शिरली. शिडाच्या जहाजाला दोर ओढण्यासाठी लाकडी कप्प्या लागत. मोठ्या लढाऊ जहाजाला सुमारे हजार, आणि सबंध आरमाराला वर्षाला लाखभर. मार्क इसांबार्ड ब्रुनेल या फ्रान्समधून परागंदा झालेल्या अभियंत्याने त्या बनवणाऱ्या यंत्रांची मालिका आखली, हेन्री मॉडस्लेने ती धातूत घडवली, आणि पोर्टस्मथच्या गोदीत ४५ यंत्रे वाफेवर फिरू लागली. ओंडक्याचे तुकडे करायला आरंभीच करवती होत्या. १८०८ साली तिथे १,३०,००० कप्प्या निघाल्या. ११० कसबी कारागिरांचे काम १० साधे मजूर करू लागले. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची ही जगातील पहिल्या काही उदाहरणांपैकी एक आहे. त्याच सुमारास मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे पारशी मिस्त्री मलबारी सागाची जहाजे बांधत होते. त्यातले १८१७ चे ‘त्रिंकोमाली’ पुढे पोर्टस्मथलाच गेले. इंग्लंडात हार्टलपूल येथे ते आजही पाण्यावर उभे आहे. ब्रुनेलने मात्र बॅटरसीला स्वतःच्या करवत-गिरण्या काढल्या, १८१४ साली त्या आगीत जळाल्या आणि कर्ज फेडता न आल्याने १८२१ साली तो तुरुंगात जाऊन बसला.

यानंतरची शंभर वर्षे मी भराभर ओलांडतो. वाफ आली, पट्टे आले, मग विजेची मोटर आली. मेज लाकडाचे होते ते बिडाचे झाले. फिरणाऱ्या दांड्याला आधार देण्यासाठी आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन माणसाने १८३९ साली मऊ मिश्रधातू ओतून बेअरिंग बनवण्याची युक्ती काढली. आपले जुने मिस्त्री त्या धातूला व्हाइट मेटल किंवा सरळ बॅबिटच म्हणतात. म्हणजे एकाच यंत्राच्या कहाणीत दोन बॅबिट भेटतात, एक बखरीतली आणि एक पेटंटातला.

घरात येण्याजोगी करवत झाली ती विसाव्या शतकात. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात हर्बर्ट टॉट्झने १९१९ साली आपल्या गराजमध्ये डेल्टा ही कंपनी सुरू केली. लहान, घरी परवडतील अशी यंत्रे हा तिचा धंदा. त्या काळच्या लहान करवतीत एक गैरसोय होती. फळी तिरपी कापायची झाली की पाते तसेच उभे राही आणि अख्खे मेज तिरपे करावे लागे. मग जड फळी घसरे आणि कापणाऱ्याची तारांबळ उडे. डेल्टाने १९३९ साली ‘युनिसॉ’ नावाची दहा इंची पात्याची करवत काढली. तिच्यात मेज सपाटच राही आणि पोटातले पाते, दांडा, मोटर असे सगळे एकत्र कले. मोटर पेटीच्या आत, पट्टे आत, बाहेर फक्त दोन हातचाके: एक पाते वरखाली करायला, एक कलवायला. मोठ्या गिरण्यांत असली सोय आधीही होती; लहान दुकानात ती या यंत्राने आणली. महायुद्ध संपले, सैनिक घरी परतले, उपनगरे वसली, घरोघरी गराज आले आणि ‘स्वतः करा’ची लाट उठली. ज्या यंत्राला गिरणीत पगारी नोकर सांभाळत होता त्याच्यापुढे आता घरमालक उभा राहिला. कंपनी पुढे हातोहात फिरली. १९४५ साली रॉकवेल, नंतर पेंटेर, २००४ साली ब्लॅक अँड डेकर, २०११ साली तैवानची एक कंपनी. यंत्राचा सांगाडा मात्र कितीतरी दशके ओळखू येईल इतका तोच राहिला, आणि तैवानातून त्याच्या नकलाही निघाल्या.

माझा एक माजी विद्यार्थी मिशिगन राज्यात नोकरीला आहे. मूळचा खानापूर तालुक्यातला, आजोबा सुतार. त्याने अशी एक युनिसॉ एका बंद झालेल्या कारखान्याच्या लिलावातून घेतली आणि मला फोटो पाठवले. म्हणाला, “सर, तुम्ही आम्हाला शिलालेखाचा काळ कसा ठरवायचा ते शिकवलं होतं. आता हिचं वय सांगा.” मी म्हटले, “अरे, आधी नावाची पट्टी साफ कर. तेल लावून, हळू. खरवडू नकोस.”

यंत्राचे वय ठरवण्याची रीत नाण्याचे वय ठरवण्यासारखीच आहे. पट्टीवर रॉकवेलचे नाव असेल तर यंत्र १९४५ च्या आधीचे असू शकत नाही. अनुक्रमांकावरून छंदिष्ट मंडळींनी कोष्टके तयार केली आहेत. मोटरवरचे झाकण, हातचाकांचा घाट, पायथ्याची बैठक ही सगळी कालखंडाप्रमाणे बदलत गेली. पण नाण्यावर कुणी नवा हात बसवत नाही, यंत्रावर बसवतात. मोटर बदललेली असते, पट्टी दुसऱ्याच यंत्राची असते, एखादा नट परवाचा असतो. म्हणून एकाच खुणेवर विसंबायचे नाही. तीन-चार खुणा एकमेकींना दुजोरा देऊ लागल्या की मग साल लिहायचे. त्याच्या यंत्राच्या पट्टीवर रॉकवेल नव्हते आणि बाकीच्या खुणाही युद्धकाळाकडे बोट दाखवत होत्या.

असले यंत्र घेताना काय पाहावे हे त्याच्याकडून ऐकण्यासारखे होते. वरचा गंज पाहून घाबरायचे नाही. मेजावरचा तांबडा थर रॉकेल आणि पॉलिश पेपरने जातो. पाहायचे ते बिडाला गेलेले तडे. मेज ज्या कमानदार ओतीव भागांवर टेकलेले असते आणि ज्यांच्यावर पात्याचा दांडा कलतो, त्यांतला एखादा तडकलेला असला तर यंत्र कितीही स्वस्त असो, हात जोडून परत फिरावे. कारण बीड जोडले तरी भरवशाचे राहत नाही. मग दांडा हाताने हलवून बघायचा. खडखड ऐकू आली तर बेअरिंगे गेली, आणि बेअरिंगे बदलता येतात. इथे एक मौजेची गोष्ट आहे. बेअरिंगांचे आकार आणि क्रमांक जगभर प्रमाणित झालेले आहेत. ऐंशी वर्षांपूर्वी मिलवॉकीत बसवलेल्या मापाचे बेअरिंग आज बेळगावच्या बाजारात मागितले तरी दुकानदार फळीवरून काढून देईल. त्याहून जुन्या, बॅबिट ओतलेल्या यंत्राला मात्र धातू वितळवून पुन्हा ओतण्यावाचून गत्यंतर नाही. त्यात शिसे असते, त्यामुळे ते उघड्या हवेत आणि जाणत्याच्या हातूनच व्हावे. कारखान्यातल्या जुन्या यंत्रांना थ्री-फेजची मोटर असते, घरात सिंगल फेज. या एका कारणाने अशी यंत्रे स्वस्तात जातात. हल्ली फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह नावाचा एक लहानसा डबा जोडला की घरच्या विजेवर ती मोटर फिरते.

गंज काढण्याची त्याची रीत शाळेच्या प्रयोगशाळेत शोभेल अशी. प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा. गंजलेला लोखंडी भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, भंगार लोखंडाचा तुकडा धन टोकाला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. रात्रभरात गंज सुटून काळा गाळ होतो आणि खालचे निरोगी लोखंड जसेच्या तसे राहते. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावायचे नाही, कारण पाण्यात क्रोमियमचे विषारी क्षार उतरतात. आणि हायड्रोजन निघतो म्हणून हे काम बंद खोलीत करायचे नाही. ॲल्युमिनियमचे भाग या पाण्यात टाकले तर खाऊन जातात. जुन्या रंगातही शिसे असण्याची शक्यता असते, तेव्हा तो कोरडा घासून धूळ उडवू नये. असे एकेक करत त्याने चार महिने घालवले. जोडणी झाल्यावर पात्याचा एकच दाता खुणेने निवडला. तो पुढे आणून मेजावरच्या खाचेपासूनचे अंतर मोजले, मग पाते हाताने फिरवून तोच दाता मागे नेऊन पुन्हा मोजले. दोन मापांत कागदाच्या जाडीइतका फरक आला, तेवढ्यासाठी मेजाचे बोल्ट सैल करून पुन्हा बसवले. त्याचे आजोबा असते तर हेच गुण्या लावून आणि एक डोळा मिटून केले असते.

सगळे भाग जमिनीवर मांडून त्याने फोटो पाठवला, तेव्हा माझे लक्ष एका गैरहजर भागाकडे गेले. पात्यावरचे संरक्षक झाकण नव्हते. पात्यामागची उभी पोलादी पट्टीही नव्हती. मी विचारले, हरवले का? तो म्हणाला, “सर, कुणाच्याच यंत्राला नसतं. लिलावात पंधरा पाहिली, एकालाही नव्हतं.”

ही पट्टी काय करते ते सांगितले पाहिजे. फळी कापली जात असताना तिचे दोन भाग पात्याच्या मागे एकमेकांकडे झुकतात आणि पात्याला चिमटतात. पात्याचा पुढचा भाग खाली येत असतो, पण मागचा वर येत असतो. त्याने चिमटणारी फळी पकडली की ती उचलून थेट कापणाऱ्याच्या अंगावर फेकली जाते. दहा इंची पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर त्याच्या दात्याचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. फळी पोटात बसते ते एक. दुसरे असे की फळीवर ठेवलेला हात अचानक आधार गेल्याने पात्यावर जातो. पात्यामागची पट्टी फक्त काप उघडा ठेवते. दिसायला क्षुल्लक, विळ्याच्या पात्यासारखी. इंग्लंडात १९२२ च्या लाकूडकाम यंत्रांच्या नियमांनी ती सक्तीची केली. आपल्याकडे यंत्रांना कठडे घालण्याची तरतूद पहिल्या १८८१ च्या कारखाना कायद्यापासून आहे, आणि १९४८ च्या कायद्यात कलम २१ त्यासाठीच होते.

मग ती पट्टी सगळीकडून नाहीशी का झाली? बीड टिकले, मोटर टिकली, पितळी नावपट्टी टिकली. ऐंशी वर्षांत काढून टाकलेला भाग नेमका तोच. याचे कारण यंत्र चालवणाऱ्याच्या पगारात शोधावे लागते. झाकणाने रेघ नीट दिसत नाही, काही काप घेताना ते काढावेच लागते, पुन्हा बसवायला पाच मिनिटे जातात आणि त्या पाच मिनिटांचा हिशेब मुकादम मागतो. पहिल्या आठवड्यात झाकण खुंटीला लागते आणि कारखाना विकला जातो तेव्हा खुंटीलाच राहते. इतिहासात न सापडलेला कागदही काही सांगत असतो, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. तो रिकामा कोनाडा मला त्या यंत्रातील सर्वात जुना लेख वाटला. बेंथॅमने कसब यंत्रात घातले आणि हात फक्त ढकलण्यापुरता ठेवला. अशा हाताची किंमत किती, हे मग दुसऱ्या कुणीतरी ठरवले.

किंमत हा शब्द अलंकारिक नाही. आपल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते. त्यात अवयव गेल्याने कमाईची शक्ती किती टक्के घटते याची यादी असे. अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी मुळापासून गेली तर १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. आमच्या भागातल्या वखारीत नोकरी केलेल्या वयस्कर माणसांशी हस्तांदोलन करताना हे परिशिष्ट हाताला लागते. शाळेच्या बाकांची दुरुस्ती करायला वर्षानुवर्षे एक मिस्त्री येत. त्यांच्या उजव्या हाताला साडेतीन बोटे होती. मुले त्यांना त्याबद्दल विचारीत तेव्हा ते म्हणत, “मशीनला दिली.” भरपाई मिळाली का, असे एकदा मी विचारले. वखार लहान होती, कायद्यात बसत नव्हती, असे उत्तर मिळाले.

आणि घर तर कोणत्याच कारखाना कायद्यात बसत नाही. तिथे निरीक्षक येत नाही, मुकादम नाही, परिशिष्ट नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार त्या देशात मेजावरच्या करवतीने जखमी होऊन दवाखान्यात येणारे वर्षाला तीस हजारांच्या घरात आहेत. त्यात हौशी माणसे मोठ्या संख्येने आहेत, म्हणजे ज्यांना कुणीही घाई करत नव्हते अशी. ओरेगॉन राज्यातील स्टीव्ह गॅस नावाच्या माणसाने १९९९ साली यावर एक उपाय काढला. पात्यातून अतिसूक्ष्म विद्युत संकेत खेळवायचा; कातडीचा स्पर्श होताच तो बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पाते पाच मिलिसेकंदांच्या आत थांबते. प्रात्यक्षिकाला तो सॉसेज वापरी, आणि एकदा त्याने स्वतःचे बोट लावून दाखवले. बोटावर ओरखडा उठला. मोठ्या कंपन्यांनी ही युक्ती घेतली नाही, तेव्हा त्याने स्वतःच करवती बनवायला सुरुवात केली. पण ही यंत्रणा जुन्या करवतीत बसवता येत नाही; तिच्यासाठी सबंध यंत्रच वेगळे लागते.

तेव्हा जुने यंत्र जसेच्या तसे उभे करण्याचा हट्ट धरणाऱ्यांशी माझे एका ठिकाणी जमत नाही. मूळचा करडा रंग शोधा, मूळच्या घाटाचे स्क्रू शोधा, हे सगळे ठीक. वेरूळच्या भिंतीवर कुणी ऑइलपेंट लावू नये याच मताचा मीही आहे. पण संग्रहालयात ठेवायचे यंत्र वेगळे आणि फळी कापायचे वेगळे. खुंटीला लागलेल्या झाकणाचाही वारसा म्हणून आदर करायचा तर मग त्या मुकादमाचाही करावा लागेल. छंदिष्टांत या मुद्द्यावर दोन तट आहेत, असे माझा विद्यार्थी सांगतो. जुन्या माणसांनी झाकणाशिवायच आयुष्यभर कामे केली, असे एक तट म्हणतो. ज्यांनी केली त्यांची बोटे मोजून मग बोलावे, असे मी त्याला कळवले.

त्याने आजवर जोडलेल्या यंत्राचे पहिले काम फळी कापण्याचे ठरवले नाही. आधी पोलादी पत्र्यातून पात्यामागची पट्टी घडवून घेतली. पात्यापेक्षा जाड, पण कापापेक्षा पातळ, आणि पाते कलेल तशी कलणारी. मग पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे झाकण केले, म्हणजे रेघ दिसत नाही ही तक्रारही संपली. ते चटकन निघते आणि चटकन बसते. पाच मिनिटांचे काम अर्ध्या मिनिटावर आले. त्यानंतर फळी ढकलण्यासाठी दोन लाकडी काठ्या कापल्या, हाताच्या बोटांऐवजी पात्याजवळ जायला. झाकणाला कसलीही नावपट्टी नाही. पुढे कधीतरी हे यंत्र आणखी कुणाच्या हाती जाईल आणि तो भाग मिलवॉकीचा समजून कुणी चुकीचे साल लावील, म्हणून आतल्या बाजूला ‘मिशिगन, घरी केले’ असे देवनागरीत कोरून खाली वर्ष घालायला मी त्याला सांगितले आहे.